बाहेरचे सुटे भाग आणि गाडीची वॉरंटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या गाडीला बाहेरून काही बसवावे की नाही, याविषयी वर्षभर तेच ते प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतात. त्यांपैकी सर्वांत जास्त वेळा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे भारतात नोंदणी झालेल्या खासगी मोटारींपुरती आहेत. कंपन्यांच्या अटी एकसारख्या नसतात, म्हणून आपल्या गाडीची वॉरंटी पुस्तिका जवळ ठेवून ती वाचावीत.

१. बाहेरचा एखादा पार्ट बसवला की गाडीची सगळी वॉरंटी जाते, हे खरे आहे का?

नाही. वॉरंटी संपूर्ण गाडीची म्हणून मिळत असली, तरी दावा प्रत्येक बिघाडासाठी स्वतंत्रपणे तपासला जातो. जो भाग बिघडला तो मुळातच सदोष होता की बाहेरून केलेल्या कामामुळे बिघडला, एवढाच तेव्हा मुद्दा असतो. समजा, तुम्ही बाहेरून मागचा कॅमेरा बसवून घेतला आणि सहा महिन्यांनी स्टिअरिंगमधून खडखड ऐकू येऊ लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही आणि स्टिअरिंगचा दावा कॅमेऱ्याकडे बोट दाखवून नाकारता येत नाही. मात्र त्याच कॅमेऱ्याची वायर रिव्हर्स लाइटची वायर सोलून जोडलेली असेल आणि पुढे त्या सर्किटवरचे कंट्रोल मॉड्यूल जळले, तर कंपनीच्या नकाराला आधार मिळतो.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मात्र ‘बाहेरचे काम आहे, वॉरंटी गेली’ हे वाक्य सरसकट ऐकायला मिळते. अशा वेळी वाद न घालता कोणत्या भागाची वॉरंटी आणि कोणत्या अटीनुसार गेली, हे जॉब कार्डवर लिहून मागावे. लिहून द्यायची वेळ आली की ते वाक्य पुष्कळदा बरेच आखूड होते. तरीही दावा नाकारला गेल्यास काय करावे, हे प्रश्न १४ मध्ये दिले आहे.

२. दुकानदार ‘ओरिजिनल’, ‘कंपनीचा’, ‘ओईएम’, ‘लोकल’ असे सगळे शब्द वापरतो. यांत नेमका फरक काय?

पहिला प्रकार मोटार कंपनीच्या स्वतःच्या खोक्यात, तिच्या पार्ट नंबरसह मिळणाऱ्या भागांचा. ‘ओरिजिनल’ किंवा ‘कंपनीचा’ म्हणतात तो हा. मोटार कंपनी यांतले बहुतेक भाग स्वतः बनवत नाही, तर पुरवठादारांकडून घेते. तोच पुरवठादार आपल्या नावाच्या खोक्यात ज्या वस्तू खुल्या बाजारात विकतो, तो दुसरा प्रकार. दुकानात ‘ओईएम’ म्हणतात ते बहुधा यालाच. बॉश, व्हॅलिओ, गॅब्रिएल, युनो मिंडा ही अशी परिचित नावे आहेत. मोटार कंपन्यांना माल पुरवणाऱ्या या कंपन्या किरकोळ बाजारातही असतात. तिसऱ्या प्रकारात स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आराखड्यावर भाग बनवणारे स्वतंत्र उत्पादक येतात. त्यांच्यात उत्तमही आहेत आणि सुमारही आहेत. चौथा प्रकार म्हणजे दुसऱ्याचे नाव आणि खोके वापरून विकलेली नक्कल. तिला बाजारात ‘डुप्लिकेट’ किंवा ‘फर्स्ट कॉपी’ म्हणतात.

‘लोकल’ हा शब्द तिसऱ्या आणि चौथ्या या दोन्ही प्रकारांसाठी वापरला जातो, आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. आपल्या गाडीचा मूळ शॉक ॲब्सॉर्बर ज्या कारखान्यातून आला, त्याच कारखान्याचा, त्याच मॉडेलसाठीचा भाग घेणे आणि नाव नसलेल्या पिशवीतला भाग घेणे, यांत वॉरंटीच्या दृष्टीनेही जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्या बाबतीत ‘निकृष्ट पार्टमुळे बिघाड झाला’ हे म्हणणे टिकवणे कंपनीलाही जड जाते. तरीही एक खबरदारी हवी. एकच पुरवठादार मोटार कंपनीसाठी एका मापाचा आणि बाजारासाठी थोड्या वेगळ्या मापाचा भाग बनवू शकतो. म्हणून केवळ ब्रँड पाहून समाधान मानू नये, पार्ट नंबर जुळवून घ्यावा.

३. ब्रेक पॅड, क्लच, टायर, बॅटरी यांना कंपनीची वॉरंटी असते का? नसेल तर ते बाहेरून घेण्यात अडचण काय?

झिजणे हाच ज्यांचा धर्म आहे, असे भाग सामान्यतः वॉरंटीत येत नाहीत. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, फिल्टर, बल्ब हे असे भाग होत. टायर आणि १२ व्होल्टची बॅटरी यांची वॉरंटी बहुधा त्यांच्या उत्पादकाकडूनच मिळते, त्यामुळे ती बाहेरून घेतल्याने मोटार कंपनीकडचा हक्क कमी होत नाही.

अडचण असते ती शेजारच्या भागांची. ब्रेक पॅडला वॉरंटी नसली तरी ब्रेक कॅलिपरला असते, आणि निकृष्ट पॅड धातूपर्यंत झिजून डिस्कला चरे पाडत असेल, तर त्या नुकसानीचा दावा नाकारला जाईल. त्यामुळे बाहेरून घ्यायची वस्तू कोणत्या वॉरंटीतल्या भागाला स्पर्श करते, कोणत्या भागातून वीज, तेल किंवा इंधन घेते आणि कोणत्या भागावर भार टाकते, ते आधी पाहावे. फ्लोअर मॅट कशालाच धक्का लावत नाही. तरीही ड्रायव्हरच्या बाजूची मॅट क्लिपशिवाय ठेवली, तर ती ॲक्सिलरेटर पेडलखाली सरकते. तो वॉरंटीचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

४. भारतात असा एखादा कायदा किंवा निकाल आहे का, जो दाखवून आपला हक्क सांगता येईल?

सर्वांत जवळचा आधार भारतीय स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाचा आहे. सुट्या भागांची आणि दुरुस्तीच्या माहितीची अडवणूक केल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असेही निर्देश आयोगाने त्यात दिले. पुरवठादारांना आपले भाग खुल्या बाजारात विकू द्यावेत, ही बाबही त्याच आदेशात आहे. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले आणि वाद अपिलात गेला. त्यामुळे हा आदेश काउंटरवर फडकवण्यापेक्षा लेखी तक्रारीत त्यातले तत्त्व मांडणे अधिक उपयोगाचे ठरते.

दुसरा आधार ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा. एक वस्तू किंवा सेवा हवी असेल तर दुसरीही घेतलीच पाहिजे, अशी सक्ती या कायद्यात ‘निर्बंधात्मक व्यापारी प्रथा’ ठरते. हाच कायदा उलट बाजूही सांभाळतो. उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेच्या भरपाईच्या प्रकरणात, इजा झाली तेव्हा वस्तूत फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याला कलम ८७ खाली बचाव मिळतो.

५. अमेरिकेतला माझा भाऊ म्हणतो की तिकडे कंपनी अशी वॉरंटी नाकारूच शकत नाही. तो नियम इथे लागू होतो का?

होत नाही. तो सांगतो तो १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. ठरावीक ब्रँडचाच भाग किंवा सेवा वापरण्याची अट वॉरंटीला जोडण्यास त्यात सर्वसाधारणपणे मनाई आहे. मात्र बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला असेल, तर अमेरिकेतली कंपनीही दावा नाकारू शकते. अमेरिकी व्हिडिओ पाहून सर्व्हिस ॲडव्हायझरला हा कायदा ऐकवणारे वाचक कमी नाहीत. त्याऐवजी प्रश्न ४ मधले दोन आधार वापरावेत.

६. वॉरंटी चालू असताना घराजवळच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केले तर चालते का? ऑइल आणि फिल्टर मी स्वतः आणून दिले तर?

यात दोन वेगळे मुद्दे आहेत. पहिला वेळापत्रकाचा. ठरलेल्या किलोमीटरला किंवा महिन्याला सर्व्हिसिंग झाले नाही, तर इंजिनाचा दावा नाकारायला कंपनीला बाहेरचा पार्ट शोधावाही लागत नाही. बाहेर काम केले तर तारीख, किलोमीटर, गाडीचा क्रमांक, ऑइलची श्रेणी आणि प्रमाण लिहिलेले पक्के बिल हवे. ‘सर्व्हिसिंग : ३,५०० रुपये’ एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीने काहीही सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा वस्तूच्या योग्यतेचा. पुस्तिकेत ऑइलचा ब्रँड सुचवलेला असला तरी तांत्रिकदृष्ट्या महत्त्व असते ते दाटपणाच्या (व्हिस्कॉसिटीच्या) श्रेणीला आणि दर्जाच्या मानकाला. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात ‘जाड ऑइल बरे’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणे, हा आपल्याकडचा जुना आणि महागात पडणारा समज आहे. आजच्या इंजिनांतल्या अरुंद तेलवाहिन्या आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा पातळ तेल गृहीत धरूनच बनवलेल्या असतात. बीएस-६ डिझेल गाडीत तर आणखी जपावे लागते. तिच्या डीपीएफसाठी, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरसाठी, कमी राख सोडणारे ऑइल लागते. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साचत जाते आणि काजळी जाळून फिल्टर मोकळा करण्याच्या प्रक्रियेत ती जळत नाही. फिल्टर तुंबला, तर त्याचा खर्च बाहेर वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट होतो.

माझे मत विचाराल तर वॉरंटीची मुदत संपेपर्यंत नियमित सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करावे. कायद्यात तशी सक्ती आहे म्हणून नव्हे, तर तिथल्या संगणकात उतरलेली नोंद कोणी नाकारू शकत नाही म्हणून. बाहेरची कामे करायचीच असतील, तर ती इंजिनापासून दूरची असावीत.

७. स्टिरिओ, कॅमेरा, जास्त प्रकाशाचे हेडलाइट, डॅशकॅम बसवायचे आहेत. वायरिंगमुळे वॉरंटी जाते म्हणतात, ते कितपत खरे?

वॉरंटीचे सर्वाधिक दावे ज्या एका कारणावरून अडतात, ते हेच असावे, असे आलेल्या प्रश्नांवरून दिसते. म्हणून याचे उत्तर थोडे लांबवतो.

गाडीतल्या वायरी पूर्वी केवळ वीज नेत. आता त्यांपैकी बऱ्याच वायरी संदेश नेतात आणि अनेक लहान संगणक त्यांवरून एकमेकांशी बोलत असतात. अशा वायरीला मध्येच सोलून दुसरी जोडली, तर विजेचा दाब किंचित ढळतो आणि भलत्याच ठिकाणचा इशारा-दिवा पेटतो. शिवाय आपल्याकडचा पावसाळा आहेच. मुंबईत किंवा कोकणात टेप गुंडाळलेला जोड दोन पावसाळ्यांत आतून हिरवा पडतो, मग बिघाड कधी येतो आणि कधी येत नाही, आणि तो शोधण्यात दिवस जातात.

म्हणूनच बाजारात ‘विदाउट वायर कटिंग’ या शब्दांना किंमत आहे. आपल्या मॉडेलसाठी बनवलेला कपलर मूळ सॉकेटमध्ये बसतो आणि काढला की गाडी पूर्ववत होते. वायर कापावी लागणार नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारावे आणि बिलावर तसे लिहून घ्यावे. डॅशकॅमची वीज १२ व्होल्टच्या सॉकेटमधून किंवा फ्यूज बॉक्समधल्या योग्य जागेवरून, स्वतंत्र फ्यूज लावून घ्यावी.

हेडलाइटचे गणित साधे आहे. हॅलोजनचा एच४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. त्याजागी १००/९० वॉटचा बसवला, की त्याच वायरीतून आणि स्विचमधून दीडपटीहून अधिक प्रवाह वाहतो. रिले आणि जाड वायरचा स्वतंत्र हार्नेस नसेल, तर होल्डर वितळतो. हॅलोजनसाठी घडवलेल्या परावर्तकात एलईडी बल्ब बसवला तर वायरिंगवर भार पडत नाही, पण प्रकाश विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येतो.

वायरिंगशी थेट नाते नसले तरी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. पुढच्या सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ असे लेबल असेल, तर साइड एअरबॅग त्या शिवणीतून फुटून बाहेर येते. साधे, घट्ट सीट कव्हर तिची वाट अडवते. खिडकीशेजारच्या खांबाच्या आवरणाखालून डॅशकॅमची वायर नेताना ती कर्टन एअरबॅगच्या समोरून न जाता मागून जाईल, हे पाहावे.

८. मोठे टायर आणि अलॉय व्हील बसवले तर?

टायरच्या मापातच उत्तर असते. १८५/६५ आर१५ या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी १९५/६० आर१५ घेतला तर व्यास ६१५ होतो, म्हणजे फरक एका टक्क्याच्या आसपास राहतो. पण २०५/६५ आर१५ घेतला तर तो ६४७ च्या पुढे जातो, म्हणजे चार टक्क्यांहून अधिक वाढतो. मूळ टायरवर १०० च्या वेगाला काटा जिथे असे, तिथेच तो आता १०४ ला असेल, आणि ओडोमीटर किलोमीटर कमी मोजेल. एकूण व्यासातला फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवावा, असा संकेत आहे.

अलॉयमध्ये बोल्टच्या वर्तुळाचे माप, ऑफसेट (चाक बसते ती बाजू रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर) आणि मधल्या छिद्राचा व्यास ही तीन मापे मूळ चाकाशी जुळली पाहिजेत. ऑफसेट चुकला की चाक बाहेर येते, बेअरिंगवरचा भार सरकतो आणि व्हील बेअरिंग, सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगच्या दाव्यात नकाराला जागा मिळते. आपल्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते, ते खालच्या व्हेरियंटला बसवणे, हा त्यातल्या त्यात निर्धोक मार्ग आहे. टायर घेताना आयएसआय चिन्ह, भार निर्देशांक आणि चार आकडी तारीख पाहावी. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा.

९. नव्या पेट्रोल गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवायचे आहे. वॉरंटी किती उरेल?

इंजिन, इंधन यंत्रणा, ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) आणि एक्झॉस्ट यांच्या बाबतीत फारशी उरणार नाही, असे धरूनच निर्णय घ्यावा. येथे कंपनीचा नकार बहुधा टिकतो, कारण कार्यकारण स्पष्ट असते. सीएनजी कोरडे इंधन आहे, त्यामुळे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठका पेट्रोलपेक्षा लवकर झिजतात. कारखान्यातून येणाऱ्या सीएनजी गाड्यांत त्या कठीण धातूच्या देतात आणि ईसीयूची जुळवणीही दोन्ही इंधनांसाठी करतात. एसी, सस्पेन्शन किंवा दरवाजे यांवरचा हक्क मात्र कायम राहतो.

कायद्याची बाजू वेगळी आहे. पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा चाचणी संस्थेने आपल्या मॉडेलसाठी मान्यता दिलेलेच किट अधिकृत केंद्रातून बसवावे लागते. आरटीओत आरसीवर इंधनाची नोंद करावी लागते, विमा कंपनीला कळवावे लागते आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, करावी लागते.

१०. ईसीयू रीमॅप, परफॉर्मन्स एअर फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट यांचे काय?

रीमॅप म्हणजे इंजिनाच्या सर्व मर्यादा नव्याने लिहिणे. त्यामुळे इंजिन, टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स यांपैकी कशाचाही दावा अडू शकतो. काही गाड्यांत सॉफ्टवेअर किती वेळा लिहिले गेले याची नोंद राहते, म्हणून मूळ फाइल परत टाकूनही खूण पुसली जात नाही. तेल लावायचे एअर फिल्टर जास्त तेल लागले तर हवेचे माप घेणाऱ्या सेन्सरवर थर धरतात, आणि तो सेन्सर वॉरंटीतून जातो. एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, काढणे हा प्रदूषण नियमांचा भंग आहे. तेथे वॉरंटीची चर्चा नंतरची.

११. एखादी गोष्ट वॉरंटीला चालते म्हणजे ती कायद्यालाही चालते, असे समजावे का?

समजू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. नियमबाह्य बदलाबद्दल कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

क्रॅश गार्ड हे याचे नेमके उदाहरण. दुकानात तो सर्रास मिळतो आणि त्याने इंजिनाची वॉरंटी जात नाही. पण केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्याविरुद्ध कारवाई करण्यास कळवले आहे. धडकेचा जोर तो थेट चॅसीवर नेतो, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो आणि पादचाऱ्याला अधिक इजा करतो.

१२. गाडी घेतानाच डीलरने काही ॲक्सेसरी ‘मोफत’ बसवून दिल्या. त्या तरी सुरक्षित ना?

हे गृहीत धरू नका. डीलरकडे कंपनीच्या यादीतल्या, पार्ट नंबर असलेल्या ॲक्सेसरी असतात, तशाच त्याने स्वतः बाजारातून आणलेल्याही असतात, आणि ‘मोफत’च्या यादीत दुसऱ्या जातीच्या वस्तूंचाच भरणा असतो. शोरूममध्ये बसवली म्हणजे कंपनीची झाली, असा समज करून घेतलेले अनेक जण पुढे त्याच इमारतीतल्या सर्व्हिस काउंटरवर ‘ही बाहेरची वस्तू आहे’ असे ऐकतात. उपाय साधा आहे. प्रत्येक वस्तू पार्ट नंबरसह, शून्य किमतीला का होईना, टॅक्स इनव्हॉइसवर लिहून घ्यावी. मग ती कोणी बसवली याचा वाद राहत नाही, आणि तिच्यामुळे बिघाड झाला तरी जबाबदारी डीलरवर येते.

१३. पार्ट अस्सल आहे की डुप्लिकेट, हे कसे ओळखावे? आणि पार्टला स्वतःची वॉरंटी असते का?

खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असणे, हे वैध मापनशास्त्राच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. होलोग्राम किंवा क्यूआर कोड असेल तर तपासावा, पण केवळ त्यावर विसंबू नये, कारण खोकी आणि होलोग्राम यांचीही नक्कल होते. भागावरच कोरलेला क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते पाहावे. पुण्यात नाना पेठ असो की मुंबईत ऑपेरा हाऊस, अनेक पिढ्यांची दुकाने तिथे आहेत आणि जाणता दुकानदार ‘यात तीन दर्जे आहेत, कोणता देऊ?’ असे स्वतःच विचारतो. तो प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर किंमत पाहून देऊ नये, भाग कोणत्या कामाचा आहे ते पाहून द्यावे. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांत दुसरा दर्जा नकोच.

पार्टला बहुधा स्वतःची मर्यादित वॉरंटी असते, पण ती फक्त भाग बदलून देण्याची असते. तो बसवण्याची मजुरी आणि त्यामुळे झालेले इतर नुकसान तिच्यात क्वचितच येते. बॅटरीच्या कार्डावर ‘२४ + २४ महिने’ असे लिहिलेले असेल, तर पहिल्या चोवीस महिन्यांतच ती फुकट बदलून मिळते. पुढच्या काळात वापराच्या प्रमाणात फक्त सूट मिळते. ‘बिल नको, तेवढे पैसे कमी करतो’ ही सवलत मात्र कधीही घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. तो वाचवताना आपण पुरावा विकत असतो.

१४. वॉरंटीचा दावा नाकारला. आता काय करावे?

नकार आणि त्याचे कारण लेखी घ्यावे, आणि बिघडलेला भाग ताब्यात ठेवावा. तो परत मिळत नसेल, तर त्याची छायाचित्रे आणि त्यावरचा क्रमांक तरी नोंदवून ठेवावा. त्यानंतर डीलरला नव्हे तर थेट कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करून ‘बाहेरच्या भागामुळे हा बिघाड नेमका कसा झाला, याचा तांत्रिक अहवाल द्यावा’ अशी मागणी करावी. अनेक दावे याच टप्प्यावर ‘सद्भावना’ म्हणून अंशतः मान्य होतात. अर्धा खर्च कंपनीने उचलणे हा वाईट तोडगा नाही.

तरी न जमल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे तिथे चालतात, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते आणि गाडी कुठेही घेतली असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. ई-जागृती पोर्टलवरून ती ऑनलाइनही दाखल होते. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून तो भाग जपून ठेवायचा. अपेक्षा मात्र वाजवी असाव्यात. एका भागात दोष असताना संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले आहे.

१५. एक्स्टेंडेड वॉरंटीला हेच नियम लागू होतात का?

तत्त्व तेच असते, अटी कडक असतात. हा पैसे मोजून घेतलेला वेगळा करार आहे आणि त्यात सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच झाले पाहिजे, अशी अट बहुधा असते. वगळलेल्या भागांची यादीही मूळ वॉरंटीपेक्षा लांब असते. पैसे भरण्यापूर्वी तीच यादी वाचावी.

१६. विम्याच्या दाव्यावर बाहेरच्या भागांचा परिणाम होतो का?

होतो, पण वेगळ्या प्रकारे. वॉरंटी दोषासाठी असते आणि विमा अपघातासाठी. नंतर बसवलेला स्टिरिओ किंवा सीएनजी किट पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवून हप्ता भरला नसेल, तर त्याची भरपाई मिळत नाही. न कळवलेल्या किटमुळे आग लागली, तर संपूर्ण दावाच अडचणीत येतो.

१७. सर्व्हिसला जाण्यापूर्वी बाहेरचा पार्ट काढून मूळ पार्ट परत बसवला, तर कोणाला कळणार?

हा प्रश्न जरा दबक्या आवाजातच येतो. किरकोळ वस्तू काढून ठेवण्यात गैर काही नाही. मूळ सुटे भाग जपून ठेवा, असे आम्हीही सांगतो. पण बिघाड झाल्यावर त्याचे कारण लपवण्यासाठी भाग बदलणे ही फसवणूक आहे, आणि ती लपतही नाही. बोल्टवरच्या पान्याच्या ताज्या खुणा, सोललेल्या वायरी आणि ईसीयूमधल्या नोंदी मेकॅनिकला लगेच दिसतात. एकदा तसे आढळले की संबंध नसलेल्या भागांबाबतचा तुमचा खरा दावाही संशयाने पाहिला जातो.

१८. जुनी गाडी घेतली, वॉरंटी अजून शिल्लक आहे. पण आधीच्या मालकाने काय काय बसवले, ते माहीत नाही. मग?

उरलेली वॉरंटी सामान्यतः गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते. एक्स्टेंडेड वॉरंटी मात्र अर्ज करून नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाने केलेले बदलही गाडीबरोबरच येतात, आणि ‘ते मी केले नाहीत’ हे उत्तर चालत नाही. म्हणून व्यवहारापूर्वी अधिकृत केंद्रात तपासणी करून घ्यावी आणि गाडीचा सर्व्हिसिंगचा इतिहास मागावा. डॅशबोर्डखाली व बॉनेटमध्ये टेप मारलेल्या वायरी दिसल्या, तर त्या सरळ करण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा.